तालमीतली नाडी

बाविसाव्या वर्षी मला सगळं येत होतं. आता सत्तरी उलटली, नातवंडं कॉलेजात गेली, आणि हळूहळू ध्यानात आलं की तेव्हा मला फक्त टोपी नीट घालता येत होती.

कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात मी नुकती स्टाफ नर्स झाले होते. टोपीला इतकी खळ लावायचे की मान वळवली तरी ती समोरच बघत राहायची. वॉर्डात सगळ्यांत मिळून दोन सेलची एक बॅटरी होती, पण माझ्याकडे स्वतःचा पेनाएवढा टॉर्च होता. तो मी दिसेल त्याच्या डोळ्यांत मारायचे. हर्नियाचा एक म्हातारा एकदा म्हणाला, "पोरी, दुखतंय खाली आन् तू बघतीस वर!" सगळा वॉर्ड हसला. मी त्याच्या केसपेपरवर 'दोन्ही बाहुल्या समान' असं लिहून सूड उगवला.

खरी मिजास होती ती तक्त्यांची. नाडी निळ्या शाईनं, ब्लडप्रेशर लाल शाईनं, ठिपके फूटपट्टीनं जोडलेले. मेट्रनबाई शिकाऊ मुलींना माझे तक्ते दाखवायच्या. मी शेजारून सहज गेल्यासारखं दाखवत दोनदा तरी जायचे.

तो माणूस आला तेव्हा उसाचा हंगाम होता. मुरगूडकडचा, तिशीतला. उसानं भरलेल्या ट्रेलरवर चढून दोर आवळत होता. दोर तुटला आणि हा खाली डोक्यावर आपटला. पोरवयात तालमीत घुमलेला, त्यामुळे कान मोडलेले, मान आणि खांदा एकच. सकाळी त्याला टाके घातले होते. एक्स-रेच्या फोटोत उजव्या कानाच्या वर कवटीला केसाएवढी चीर दिसत होती. मी दुपारी दोनला ड्यूटीवर आले तेव्हा डॉक्टरांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "कवटी म्हणजे बंद डबा. आत रक्त साठलं तर मेंदूनं सरकायचं कुठं? दर अर्ध्या तासाला नाडी, ब्लडप्रेशर, बाहुल्या. आणि प्रत्येक वेळी जागं करून नाव विचारायचं. बदल झाला की मला निरोप."

मी मान डोलावली. मला काय सांगता? परीक्षेत हाच प्रश्न आला होता. मेंदूवरचा दाब वाढला की नाडी मंदावते, ब्लडप्रेशर चढतं, पेशंट गुंगीत जातो, एक बाहुली मोठी होते. मी हे उत्तर खाली रेघा मारून लिहिलं होतं. वीसपैकी अठरा.

पहिला तासभर त्यानं वॉर्ड डोक्यावर घेतला. डोकं फुटतंय म्हणून ओरडला, दोनदा ओकला, पट्टी ओढायला लागला. त्याची बायको त्याचे हात धरून बसली होती. माझ्याच वयाची असेल. कपाळावर मोठं कुंकू, लुगड्याला उसाची कुसं अजून तशीच. पायथ्याशी सासू. सासूनं मला आल्याआल्याच विचारलं, "कुणाची गं तू? आडनाव काय?"

"सिस्टर," मी म्हटलं.

"आडनाव इचारलं म्या."

"तेच सांगितलं."

म्हातारीनं माझ्याकडं नवा बैल बघावा तसं बघितलं.

तीनच्या सुमाराला तो शांत झाला. मी चादर सारखी केली, डोक्याखालची उशी ठाकठीक केली आणि मनात म्हटलं, बघ, माणसाला कसं हाताळायचं ते एकेकाच्या हातात असतं. नाडी मघाशी ऐंशी होती, आता अडुसष्ट. साडेतीनला साठ. ब्लडप्रेशर जरा चढलेलं. म्हटलं, इतका ओरडलाय, चढणारच. मी ठिपके जोडले.

बायको म्हणाली, "सिस्टर, ह्येनी कवा घोरत न्हाईत."

तो घोरत होता खरा. जड, खालून ओढल्यासारखं.

"दमलेत," मी म्हटलं.

"न्हाय वो. नांगरून आलं तरी घोरत न्हाईत. आन् नाडी बी हळू लागतीया मला. हितं बघा की." तिनं त्याच्या मनगटावर बोटं ठेवली होती. माझ्यासारखं घड्याळ नव्हतं तिच्याकडं.

सासूनं तिला गप्प केलं. "तालमीतला गडी हाय त्यो! त्येची नाडी बाकीच्यांवानी पळती व्हय? वस्ताद म्हणायचा, ह्येचं काळीज बैलाचं हाय, सावकाश चालतंय पर थांबायचं न्हाय."

आणि इथं मी, वीसपैकी अठरावाली, काय केलं असेल? मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. कोल्हापुरात वाढलेली मी. पहाटे दंडबैठका मारून आलेल्या पैलवानांची नाडी सावकाश असते हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंही सांगत असे. पुस्तकातली नाडी पुस्तकातल्या माणसाची, ही आमच्या तालमीतली, असं मला अगदी शास्त्रशुद्ध वाटलं. दोन वाजता ऐंशी असलेली नाडी साडेतीनला तालमीत कशी गेली, हे काही मी स्वतःला विचारलं नाही.

बायकोनं त्याचा खांदा हलवून हाक मारायला सुरुवात केली. "अवो! अवो, बघा की हिकडं!" तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"बाई, झोपू द्या त्यांना. सारखं उठवलं तर बरे कसे होतील? तुमच्या असल्या आरड्याओरड्यानंच पेशंट बिघडतात."

ती हात काढून बसली. माझं काम होतं त्याला जागं करायचं. ते ती करत होती, आणि मी तिला दटावलं. चार वाजता मी नाडी मोजली, चोपन्न. बाहुल्या बघायला टॉर्च काढला, आणि तेवढ्यात पलीकडच्या कॉटवरचं सलाईन संपलं म्हणून तशीच गेले. ज्या टॉर्चनं मी हर्नियावाल्याचे डोळे बघितले होते, तो त्या दिवशी खिशात परत गेला.

साडेचारला वॉर्डच्या मोठ्या सिस्टर चहा पिऊन आल्या. ठेंगण्या, पान खाणाऱ्या, आवाज न चढवणाऱ्या. येता येता त्यांनी कॉटला अडकवलेला माझा तक्ता उचलला. मी जरा पुढं झाले. दोन रेषा सुंदर आल्या होत्या, लाल वर चढत निघालेली, निळी खाली उतरत.

त्यांनी तक्ता ठेवून दिला. त्याच्या भुवईवर अंगठ्यानं जोरात दाबलं. त्यानं फक्त उजवा हात हलवला. पापणी उचलली. उजवी बाहुली काळ्या बटणाएवढी झालेली, उजेडाला ढिम्म.

"नोंदी छान लिहिल्यास," त्या म्हणाल्या. "वाचायच्या कुणी होत्या?"

मग पळापळ. मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी सर्जनना आणायला गाडी पाठवली आणि मॅनिटॉल लावायला सांगितलं. मॅनिटॉल म्हणजे मेंदूतलं पाणी ओढून लघवीवाटे बाहेर काढणारं सलाईन. त्यानं दाब तासा-दोन तासांपुरता उतरतो, तेवढ्यात ऑपरेशन करायचं. कपाटातून बाटली काढली तर थंडीनं आत साखरेसारखे खडे धरलेले. खडे विरघळल्याशिवाय शिरेत सोडता येत नाही. वॉर्डच्या मावशींनी बंबातलं कढत पाणी बादलीत आणलं. मी बाटली त्यात धरून उभी. हलवायची, खिडकीकडं धरून बघायची, परत बुडवायची. बोटं भाजत होती, आणि ती भाजतायत याचं मला बरं वाटत होतं. खडे अजून तसेच. मागून बायकोचा आवाज, "काय झालं वो? झोपल्यात न्हवं? झोपल्यात न्हवं?"

मी मागं वळले नाही. शेवटी खडे विरघळले, सलाईन लागलं, तोवर सर्जन आले.

सर्जन मेंदूचे खास डॉक्टर नव्हते. तेव्हा आमच्याकडं तसे कुणी नव्हतेच. पण त्यांनी कानाच्या वर सुताराच्या गिरमिटासारख्या हत्यारानं कवटीला भोक पाडून आतली रक्ताची गुठळी काढली. माणूस जिवंत वॉर्डात परत आला. शुद्ध नव्हती.

मग नऊ दिवस. कॉटच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे डोकं उंच राहून रक्त खाली उतरेल. मान सरळ, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. पाणी मोजून, लघवी मोजून. घसा खरखरला की लगेच मशीननं कफ ओढून घ्यायचा, कारण एक खोकला आला तरी आतला दाब चढतो. दोन-दोन तासांनी तिघींनी मिळून कूस बदलायची, मान न मुरगळता. गोंगाट नको, गर्दी नको. पण हे तालमीला कोण सांगणार? पाचव्या दिवशी सातआठ पैलवान आले आणि "उठ की रं वाघा!" म्हणून गर्जले. त्यातल्या एकाला कॉट वाकडी दिसली. त्यानं ती एका हातानं उचलली आणि दुसऱ्या हातानं विटा काढून घेतल्या. "पावणं, त्या विटा दवाखान्याच्या हायत!" मी इतक्या जोरात ओरडले की तो विटा छातीशी धरून उभाच राहिला. मग त्याच्याकडूनच त्या परत बसवून घेतल्या.

नऊही दिवस मी ड्यूटी बदलून घेऊन त्याच कॉटपाशी राहिले. लोकांना वाटलं, किती मायेची पोरगी. बायको येईल त्याला सांगायची, "ह्या सिस्टरनं लई केलं." मी सलाईनचे थेंब मोजत असल्याचं सोंग करायचे.

मी तेही रेटलं असतं. पण म्हातारी सुनेच्या मागं लागली होती. सकाळ-संध्याकाळ, अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं.

"नवरा मरायला लागलाय आन् ही शेजारी बसून बघतीया! बाईमाणसाला कळत न्हाय व्हय? म्या म्हातारी, मला दिसत न्हाय. तुला तर दिसत हुतं!"

"आत्ती, म्या सांगितलं हुतं की."

"कुणाला? भिताडाला?"

 सुनेनं माझं नाव सांगितलं नाही. मला वाटतं, तिचा स्वतःचाही विश्वास उडाला होता. सिस्टर झोपू द्या म्हणाली म्हणजे झोपूच द्यायचं असणार, चूक तिच्याच हाक मारण्यात असणार, असं काहीतरी. ती वाळत चालली होती. जेवायची नाही.

दहाव्या दिवशी त्यानं डोळे उघडले. बायकोचं नाव घेतलं, पाणी मागितलं. वॉर्डात कुणीतरी पेढे वाटले. डावा हात मात्र चादरीवर पडून होता. सर्जननी टाचणी टोचून बघितली, बोटं वाकवून बघितली. बाहेर जाताना मोठ्या सिस्टरांना म्हणाले, "जीव वाचला. पण थोडं आधी कळलं असतं तर..."  मी दाराशी होते.

त्या दुपारी म्हातारीनं परत सुरू केलं. आता तिला बोलायला तो हातही मिळाला होता. "कर्त्या माणसाचा हात घालवलास. आता तूच चढ उसाच्या ट्रेलरवर."

माझ्या हातात भांड्यांचा ट्रे होता. तो खाली ठेवायचंही सुचलं नाही.

"आजी, त्यांना बोलू नका," मी म्हटलं. "त्यांनी मला सांगितलं होतं. दोनदा. घोरतात म्हणून सांगितलं, नाडी हळू लागते म्हणून सांगितलं. त्या उठवत होत्या, मीच उठवू दिलं नाही. चूक माझी."

 मग म्हातारीनं मला जे ऐकवलं ते मी इथं लिहिणार नाही, नातवंडं वाचतील. माझ्या आईबापापासून माझ्या टोपीपर्यंत काही सोडलं नाही. आसपासचे पेशंट उठून बसले. हर्नियावालासुद्धा मान वळवून बघत होता. मी उभी राहिले. तालमीची गोष्ट तिनंच काढली होती, हे जिभेवर आलं होतं, गिळलं. नाडी मोजायला तिला पगार नव्हता, मला होता.

 बायको माझ्याकडं बघत राहिली. म्हातारी दमून पाणी प्यायला बाहेर गेली तेव्हा ती हळूच म्हणाली, "तवा बोलला न्हाईसा. आता बोललासा. बरं झालं. पर हात तर गेलाच की."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माफ करा म्हणायचं फार मनात होतं. पण ते मी स्वतःच्या जिवाला गार वाटावं म्हणून म्हटलं असतं.

तिनं पुढं माझ्याशी गप्पा मारल्या नाहीत. लई केलं असंही कुणाला सांगितलं नाही. पण जरा काही वेगळं वाटलं, कूस अवघडली, लघवी कमी झाली, डोकं दुखतं म्हणाला, की दारापर्यंत येऊन मोठ्यांदा हाक मारायची, "सिस्टर, हिकडं या." मी हातातलं टाकून जायचे. बहुतेक वेळा काही नसायचं. तरी जायचे.

घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी त्याचा डावा हात मांडीवर घेऊन एकेक बोट उघडत होते, मिटत होते. सर्जननी रोज शंभर वेळा करायला सांगितलं होतं. बोटं थंड, घट्ट आत वळलेली. तो दुसरीकडं बघत होता. बायको शेजारी बसून माझ्या हातांकडं बघत होती. मग तिनं हात पुढं केला.

"आणा हिकडं. मी करतो. तुम्ही नुस्तं मोजा."

मी मोजायला लागले.