चार आठवडे पळणं बंद

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. वीसेक वर्षं खेळाडूंचे गुडघे-घोटे हाताळले, त्यामुळं आपल्याला सगळं कळतं असा थोडा माजही होता. चिकलठाण्याकडं भराभर नव्या इमारती उठत होत्या, त्यातल्याच एकीच्या तळमजल्यावर माझं फिजिओथेरपीचं क्लिनिक. लागोपाठ दुसरं दुष्काळी वर्ष होतं. नळाला आठवड्यातून एकदा पाणी. ज्या कॉलनीचा पाण्याचा दिवस, तिथला एकही पेशंट त्या दिवशी फिरकायचा नाही. फोन यायचा, ‘‘मॅडम, आज पाणी आहे.’’ मी म्हणायचे, बरं, उद्या या. त्यावरून कधी कुणाला रागावले नाही, कारण माझ्या घरीही तेच चाललेलं असायचं.

करमाडच्या पुढल्या एका वस्तीवरून एक सोळा वर्षांची मुलगी यायची. घर मेंढरं राखणारं. खो-खोत अशी हुलकावणी द्यायची की बघत राहावं. राज्याच्या शिबिरासाठी तिचं नाव निघालं होतं आणि नेमकी तेव्हाच डावी नडगी दुखायला लागली. मी दाबून पाहिलं, हाडावरच ताण आला होता. म्हटलं, ‘‘चार आठवडे पळणं बंद. मैदानात पाय ठेवायचा नाही.’’ तिनं मान डोलावली.

चार आठवड्यांनी आली तेव्हा दुखणं कणभरही कमी नव्हतं. उलट बोट लावलं तरी ओठ आवळत होती. माझं डोकंच फिरलं.

‘‘चोरून पळतेस ना?’’

‘‘नाय मॅडम. एकदा पण नाय पळाले.’’

‘‘मग हाड काय आपोआप दुखतंय? मला शिकवू नकोस.’’

मी त्याच तिरमिरीत तिच्या प्रशिक्षकांना चिठ्ठी लिहिली: मुलगी सूचना पाळत नाही, शिबिराला पाठवू नये. पाकीट बंद करून तिच्याच हातात दिलं. तिनं ते नेऊन दिलंही. नंतर ती क्लिनिकला आली नाही आणि मीही चौकशी केली नाही.

पंधरा-वीस दिवसांनी एका अभ्यासक्रमाला बसावं लागलं. नोंदणीच्या नूतनीकरणाला तास भरावे लागतात, नाहीतर मी कशाला गेले असते? शिकवणारा पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. मी मागच्या रांगेत नाक मुरडून बसले होते. आम्ही शिकलो तेव्हा बर्फ, पट्टी आणि आराम, एवढ्यावर निभायचं. तो म्हणाला, नुसता आराम सांगून भागत नाही, दुखऱ्या भागावर दिवसभरात कसला कसला भार पडतो ते शोधा. खेळाचा भार आपण मोजतो, घरचा कोण मोजतं? मग त्यानं घरी करायला काम दिलं. आपला एक पेशंट निवडा आणि उठल्यापासून झोपेपर्यंतचा त्याचा दिवस तासातासानं लिहा.

मी तावातावानं तीच मुलगी निवडली. दाखवूनच देते म्हटलं, पेशंट कसे ऐकत नाहीत ते. कागदावर ‘सकाळ’ लिहिलं आणि हात थांबला. ती किती वाजता उठते, मला ठाऊक नव्हतं. शाळा आणि मैदान सोडलं तर अख्खा कागद कोरा राहिला. बसल्या जागी लाज वाटली.

रविवारी सकाळीच गाडी काढली. विचारत विचारत वस्ती सापडली. तिची आई दारात होती. मी कोण ते सांगितल्यावर ‘‘या बाई, टेका’’ म्हणत तिनं खाट पुढं केली आणि तांब्याभर पाणी दिलं. उन्हानं घसा सुकला होता, मी घटाघटा अर्ध्याच्या वर प्यायले. तेवढ्यात समोरून मुलगी आली. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी, डावा पाय किंचित ओढत.

‘‘कुठून आणतेस?’’

‘‘टँकर पार रोडला थांबतोय मॅडम. इथवर गाडी येत नाय.’’

‘‘किती खेपा?’’

‘‘सकाळी चार. सांजच्याला बी तेवढ्याच.’’

‘‘अगं, मग मला सांगायचं नाही का?’’

तिनं हंडे उतरवले. आवाज जराही चढवला नाही. ‘‘तुमी पळू नको म्हणल्या, मी नाय पळाले. पाण्याचं कुणी इचारलंच नाय.’’

हातातला तांब्या मला खाली ठेवता येईना. पाण्याच्या दिवशी घरी बसणाऱ्या माझ्या सगळ्या पेशंटांची मला आठवण झाली.

तिथूनच प्रशिक्षकांना फोन लावला. चूक माझी आहे, मुलगी खरं बोलत होती, तिचं नाव पुन्हा यादीत घाला म्हटलं. ते म्हणाले, ‘‘मॅडम, यादी गेली. तिच्या जागी दुसरी मुलगी गेलीय.’’ फोनवरचं सगळं तिला ऐकू येत होतं. आई चुलीकडं वळली. मी मुलीला म्हटलं, ‘‘माझं चुकलं गं. तुला खोटं पाडलं मी.’’

ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. डोळे भरले होते, पण रडली नाही. म्हणाली, ‘‘पुढल्या साली परत निवड व्हईल. तवर पाय नीट करताल का?’’

मी तिला खाटेवर बसवलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि पर्समधून तो कोरा कागद काढला.

‘‘किती वाजता उठतेस?’’ मी विचारलं.