कौतिकनानांचं अर्धं विमान

वरणगावच्या कारखान्यात जीवराम झोपे तीस वर्षं तपासनीस होते. दुसऱ्यानं केलेलं नापास करणं, एवढंच त्यांचं काम. हातात माप तपासायचं गेज, कानावर पेन्सिल. सूतभर फरक दिसला की लाल ठिपका. निवृत्तीनंतर ही सवय त्यांच्याबरोबर भुसावळच्या घरात आली. बायकोच्या, सुमनबाईंच्या पोळ्यांवर ठिपके पडले नाहीत, ते केवळ रंगाची डबी कारखान्यात राहिली म्हणून.

त्यांचे थोरले भाऊ कौतिकनाना हवाई दलात फिटर होते. बायको गेल्यावर ते धाकट्याकडे राहायला आले. एक्क्याण्णवच्या संक्रांतीला त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डॉक्टर म्हणाले, उठवा, बसवा, बोलतं करा. नाना भिंतीकडे तोंड करून पडले ते पडलेच. चहाला ‘हं’, जेवणाला ‘हं’, उठायला काहीच नाही. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी जीवरामांना बाजूला घेतलं आणि सांगितलं, आता उठले नाहीत तर पुढे उठायचे नाहीत.

त्याच आठवड्यात नानांच्या ट्रंकेत एक बुटांचा खोका निघाला. आत सुट्या भागांतून जोडायचं प्लॅस्टिकचं लढाऊ विमान. नोकरीत असताना कुणा साहेबानं दिलेलं. नानांनी शेपटीकडून चिकटवायला घेतलं होतं, डावा पंख लावला होता, आणि तिथंच बदली आली असावी. नाकाकडची दोन्ही अर्धी आ वासून होती. वैमानिकाच्या जागेवरची काच धुरकट, चिकटवायची चित्रं पिवळी पडलेली.

जीवरामांनी विचारलं, हे पुरं करू का. नाना भिंतीला म्हणाले, "कर."

जीवरामांनी जुना डिंक ब्लेडनं खरवडला, काच टूथपेस्टनं घासून लख्ख केली. चित्रांचा कागद एका सपाट काचेखाली दाबून गच्चीवर ठेवला. शेजारी सुमनबाईंचे बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत होते. चार दिवसांत बिबडे वाळले आणि चित्रांचा पिवळेपणा गेला. भुसावळच्या उन्हाबद्दल जीवराम पहिल्यांदाच बरं बोलले. प्रत्येक भाग त्यांनी गेज लावून तपासला, कारखान्यात तपासत तसाच, एकेकटा, टेबलावर आडवा ठेवून. जोडलेलं उभं करून बघणं हा दुसऱ्या शेडचा विषय, आणि दुसऱ्या शेडच्या कामात त्यांनी कधी लक्ष घातलं नव्हतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आदल्या सकाळी ते विमान दोन्ही हातांत धरून खाटेपाशी आले. म्हणाले, "नाना, झालं. पास."

खाट करकरली. नाना कुशीवर वळले.

"कोनं पास केलं?"

"मीच."

"जो करते त्यानंच पास करायचं नसते." नाना एकेक शब्द उचलून ठेवत होते. "आमच्याकडे दुसऱ्याची सही लागे. ठिव स्टुलावर. हात काढ."

जीवरामांनी हात काढले. विमानानं नाक छताकडे केलं आणि जेवण झालेल्या पाहुण्यासारखं ते ऐसपैस शेपटीवर बसलं.

दारात उभ्या सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"चष्मा दे," नाना म्हणाले. "आन मले बसव."

पाठीशी दोन उशा लागल्या. अशा विमानाच्या नाकात ते बंद करण्याआधी वजन भरावं लागतं, नाहीतर पुढच्या चाकावर भार येत नाही, हे सांगायला नानांना पंधरा मिनिटं लागली. संक्रांतीपासून ते एकूण मिळून इतकं बोलले नव्हते. मग डाव्या हाताचं बोट त्यांनी विमानावर टेकवलं. "रिजेक्ट. उद्या आठला दाखव."

जीवराम स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले. सुमनबाई म्हणाल्या, नापास झालेला माणूस हसतो कशाला. त्यांनी तांब्या खाली ठेवला. "अर्धा तास झाला, नाना बसलेलाच आहे," ते म्हणाले, आणि डोळे पुसून ब्लेड शोधायला लागले.

तापीवरच्या भोयांकडून जाळ्याला लावायचं शिसं आणलं. नाक उकललं, भरलं, पुन्हा मिटवलं. या वेळी उभं करून बघितलं, सात वेळा.

सकाळी कौतिकनाना खुर्ची पुढे ढकलत, तिच्याच आधारानं पडवीपर्यंत आले आणि चष्मा लावून बसले. जीवराम विमान घेऊन पोचले तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. नानांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग भावाकडे.

"पहिला रिमार्क," ते म्हणाले. "उशीर."