जजसाहेबांची बाजू

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी अप्पांवर चिडूनच बसले होते. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे. जेवणाचं टेबल त्यांच्या फायलींनी अडलेलं आणि माझा लॅपटॉप ओट्यावर, चिरलेल्या भाजीशेजारी. नर्स सावकाश, सोप्या डचमध्ये बोलत होती... मला नीट कळावं म्हणून.

अप्पा म्हणजे माझे सासरे, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. उइटहॉर्नला, या डच गावात, आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले. गप्प बसतील तर अप्पा कसले! शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन फेडरल न्यायाधीशाचं चरित्र त्यांनी लिहायला घेतलं आणि टाइप करायला मला धरलं. त्याची वकिली, नेमणूक, बड्या रेल्वे कंपन्यांना न जुमानता दिलेले निकाल... सांगताना अप्पा असे खूश, जणू आपल्याच बॅचचा माणूस. शेवटच्या प्रकरणात मात्र घोडं अडलं. इन्फ्लुएंझाच्या साथीत या जजसाहेबांनी कोर्ट बंद ठेवलं, तुरुंगातल्या एका छापखाना कामगाराला तीनदा पुढची तारीख दिली, आणि चौथी यायच्या आत तो तापाने गेला.

जजसाहेब दोषी की नाही, एवढं एकच पान उरलं होतं. पण दुसरी बाजू ऐकल्याशिवाय अप्पा लिहीनात. दर रविवारी सकाळी मला टेबलासमोर उभं करायचे; मी जजसाहेबांची वकील. एरवी 'अगं मेधा', पण तेव्हा "वकीलबाई, मुद्द्यावर या!" एकदा मी भडकलेच.

"अप्पा, तो माणूस कधीच गेलाय. काय तो निकाल देऊन टाका ना!"

"गेलाय म्हणूनच. त्याला आता दुसरा वकील कुठला मिळणार?"

त्या शेवटच्या रविवारी अप्पा जरा खोकतच टेबलाशी येऊन बसले. मला सोमवारच्या प्रेझेंटेशनची घाई. म्हटलं, "आज नको हो अप्पा, पुढच्या रविवारी नक्की." त्यांनी मान डोलावली, काहीतरी लिहिलं. बुधवारी हाउसआर्ट्सनी, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी, त्यांना हॉस्पिटलला पाठवलं. तिथे आम्हाला आत जाता येत नव्हतं; अप्पा गेले हे त्या फोनवरच कळलं.

दीड महिन्याने, टेबल एकदाचं मोकळं करायचं म्हणून वैतागतच फाईल उघडली. शेवटच्या पानावर अप्पांचं वळणदार अक्षर: 'जजसाहेबांच्या वकिलांनी मुदत मागितली. अर्ज मंजूर. पुढील तारीख रविवार.'

आधी रागच आला. मंजूर कशाला केलात? एरवी माझं एक तरी ऐकलंत का?... मग तिथेच बसून खूप रडले. जजसाहेबांची बाजू आता मला मांडता येईल, अप्पा. तारीख देताना माझ्यासारखंच त्यांनाही वाटलं असेल, माणूस कुठे पळून चाललाय.

फाईल पुन्हा बांधून होती तिथेच ठेवली. मी अजून ओट्यावरच काम करते.