आत्यांच्या वहीतला चौथा रकाना

आमच्या आत्या बिघडलेल्या कॉम्प्युटरसमोर बसल्या की पहिली दहा मिनिटं त्याला बोटसुद्धा लावत नाहीत. पिशवीतून लांबट वही काढतात, चष्मा नाकावर चढवतात आणि कॉम्प्युटर सोडून घरच्यांचीच उलटतपासणी सुरू करतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना काही येत नसावं, म्हणून वेळ काढताहेत. अकराव्या मिनिटाला त्याचं मत बदलतं.

नात्याने त्या माझ्या आतेसासूबाई, पण अख्खी इमारत त्यांना आत्याच म्हणते. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. आधी कानाला हेडफोन लावून या भोकातली दोरी त्या भोकात, असं माणसांना माणसांशी जोडायचं काम. पुढे यंत्रं आली, दोऱ्या गेल्या आणि आत्यांची रवानगी तक्रारींच्या खिडकीवर झाली. तिथे टेबलावर कॉम्प्युटर. बरोबरीच्या दोघीतिघींनी त्याच्या धास्तीने लवकर निवृत्ती घेतली. आत्यांनी त्याचं जाडजूड माहितीपुस्तक घरी आणून महिनाभर उशाशी ठेवलं. "सासूबाई समजून वाचलं," असं त्या सांगतात. "काय केलं की बिनसतं, ते एकदा कळलं की संसार सोपा!"

वहीची सवय त्या खिडकीवरचीच. प्रत्येक तक्रारीला नंबर आणि पुढे तीन रकाने. काय झालं. त्याआधी काय बदललं. आता कोणती एकच गोष्ट बदलून बघायची. यातल्या 'एकच'खाली दोन रेघा. मी एकदा आमच्या प्रिंटरची वायर बदलून, कागद बदलून, शाईसुद्धा बदलली आणि तो चालला म्हणून खूश झाले, तर आत्या म्हणाल्या, "छान. आता पुढच्या वेळी बंद पडला की तिघांपैकी कुणाच्या पाया पडणार आहेस?"

बिघाड सापडला, दुरुस्ती झाली, यंत्र दोन दिवस नीट चाललं, की मग लाल पेनाने आडवी रेघ आणि शब्द, 'मिटली'. रेघ मारलेली तक्रार पुन्हा उघडायची वेळ त्यांच्यावर एकदाच आली. ती हकीकत मी जवळून पाहिली.

दुसऱ्या मजल्यावर टेलरकाकू राहतात. बाहेरच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकून कापडांचे गठ्ठे, काकूंच्या गळ्यात कायम टेप. आतल्या खोलीत त्यांच्या लेकीचं राज्य. ठमी हे तिचं घरातलं नाव, वय चोवीस, जन्मापासून ऐकू येत नाही. बोलणं सगळं हातांचं आणि त्याहून जास्त भुवयांचं. चित्रं अशी काढते की तिने काढलेल्या मांजरीला हुसकावायला आमचे हे एकदा हात उगारून पुढे झाले होते.

दुसऱ्या गावच्या एका कर्णबधिर मुलांच्या शाळेला चित्रकलेची शिक्षिका हवी होती. घरी बसून, कॉम्प्युटरच्या पडद्यावरून शिकवायचं. निवडीसाठी वीस मिनिटांचा नमुना तास. ठमी गुरुवारी बसली, समोर बारा मुलं, कोपऱ्यात मुख्याध्यापिका. चौथ्या मिनिटाला पडदा निळा झाला, पांढरी अक्षरं आली आणि कॉम्प्युटर आपला आपण बंद होऊन पुन्हा सुरू झाला. पुन्हा जोडलं, पुन्हा निळा. बाईंनी रीतसर लिहून कळवलं, 'पुढच्या बुधवारी अकरा वाजता आणखी एक संधी देऊ. तास मध्येच तुटला तर मात्र आम्हाला दुसऱ्या उमेदवाराचा विचार करावा लागेल.'

दुसऱ्या कुणाचा कॅमेरा बंद पडला तर तो म्हणतो, बरं, आवाजावर भागवू. ठमीचा कॅमेरा बंद पडला की तिचं तोंडच बंद.

शनिवारी आत्यांना बोलावणं आलं. मीही सोबत गेले, वही धरायला म्हणा हवं तर.

"काय झालं ते सांगा," आत्या म्हणाल्या.

"अहो, मेलाय तो कॉम्प्युटर! दुकानदार म्हणतो, नवीनच घ्या."

"दुकानदार तेच म्हणणार, त्याने दुकान त्यासाठीच टाकलंय. कधी बंद पडतो?"

"कॅमेरा लावला की. नुसती चित्रं काढत बसली की दिवसभर चालतो."

"त्याआधी काय बदललं?"

काकूंनी आठवून सांगितलं. जुन्या वेबकॅमचं चित्र अंधूक झालं होतं, म्हणून महिन्यापूर्वी नवा घेतला. जुना? तो नीट कापडात गुंडाळून खणात ठेवलाय. काकू चिंधीसुद्धा टाकत नाहीत, कॅमेरा कुठला टाकायला!

मग आत्यांचा तिसरा रकाना सुरू झाला. नवा कॅमेरा काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावला. अर्धा तास मस्त चालला. म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही. तोच पुन्हा ठमीच्या कॉम्प्युटरला, पण मागच्या बाजूच्या भोकात लावला. सहाव्या मिनिटाला निळा पडदा. म्हणजे भोकाचाही दोष नाही. निळा पडदा क्षणभर टिकतो, म्हणून या खेपेला आत्या मोबाइल रोखूनच बसल्या होत्या. फोटो काढला, मोठा करून पाहिला. खाली एका फाइलचं नाव होतं, नुसती अक्षरं आणि आकडे.

"खणातला जुना कॅमेरा आणा हो."

काकूंनी बाळाचं दुपटं सोडावं तसं कापड सोडलं. कॅमेऱ्याच्या पोटाला चिकटवलेल्या कागदावर कंपनीची खूण, तिची पहिली चार अक्षरं त्या फाइलच्या नावातलीच.

"हं," आत्या म्हणाल्या. त्यांचा 'हं' ऐकला की मी निर्धास्त होते.

त्यांनी कॉम्प्युटरमधली यंत्रांची यादी उघडली, न जोडलेली यंत्रंही दाखव म्हणून सांगितलं, तर जुन्या कॅमेऱ्याचं नाव फिकट अक्षरांत आरामात पहुडलेलं!

"पण तो तर खणात आहे," काकू म्हणाल्या.

"कॅमेरा खणात, त्याचा ड्रायव्हर इथे. आता बघा, ठमी दुकानात जाते तेव्हा तिचे हात दुकानदाराला कळत नाहीत. मध्ये कोण उभं राहतं?"

"मी."

"तर तुम्ही ड्रायव्हर. कॅमेऱ्याचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगणाऱ्या. आता समजा, तुमच्या आधी एक बाई हे काम करत होती. तिला कुणी जा म्हणून सांगितलंच नाही. ठमीने हात हलवले की तुम्ही एक सांगताय, ती मागून दुसरंच काहीतरी सांगतेय. दुकानदार काय करेल?"

"डोकं धरून बसेल!"

"हाच तो निळा पडदा."

काकूंनी हे सगळं हातांनी लेकीला सांगितलं. ती दुसरी बाई दाखवताना त्यांनी असं काही नाक मुरडलं की ठमी हसून खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली.

आत्यांनी जुन्या कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम काढला, फिकट नाव पुसलं, पुसताना 'ड्रायव्हरही काढून टाका' या चौकटीत आठवणीने खूण केली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नव्या कॅमेऱ्याला त्याने स्वतःजवळचा साधा ड्रायव्हर दिला. ठमी मैत्रिणीशी पाऊण तास हातवारे करत होती. रविवारी सकाळ-संध्याकाळ चालला. सोमवारी चालला. सोमवारी संध्याकाळी आत्यांनी लाल रेघ मारली.

मंगळवारी सकाळी दहाला काकू आमच्या दारात. टेप गळ्यात, डोळ्यांत पाणी. "आत्या, पुन्हा निळा!"

उद्या अकराला तास. मी आत्यांकडे पाहिलं. त्यांनी हातातला चहा शेवटच्या घोटापर्यंत संपवला, मग चपला शोधल्या.

"आत्या, आता?" मी जिन्यात विचारलं.

"आता काय? मी काढलेलं आपोआप उगवत नाही, सूनबाई. कुणीतरी पेरलंय."

वर जाऊन त्यांनी यादी उघडली. जुन्या कॅमेऱ्याचं नाव पुन्हा हजर, ऐटीत. शेजारी प्रोग्रॅम टाकल्याची तारीख, आजची.

"आज सकाळी याला कुणी काही केलं?"

"छे हो! मी तर हातही लावला नाही," काकू म्हणाल्या. "ही आत्ता कुठे उठलीय."

आत्यांनी ठमीकडे पाहून भुवया उंचावल्या. ठमीने आईकडे बोट दाखवलं, दोन्ही हातांच्या बोटांनी हवेत एक गोल चकती धरली आणि कॉम्प्युटरच्या पोटात हलकेच सरकवली.

"काय म्हणतेय ती?"

"काही नाही," काकू म्हणाल्या.

ठमीने तीच खूण पुन्हा केली, या खेपेला सावकाश, बालवाडीतल्या मुलाला समजवावं तशी. वर सात बोटं दाखवली.

"दर सात दिवसांनी," आत्या म्हणाल्या. "हे मला दुभाष्याशिवाय कळलं. काकू, कसली डिस्क?"

काकूंनी मशीनच्या खणातून पाकीट काढलं. पाकिटावर त्यांच्या वळणदार अक्षरात 'कॅमेरा' आणि आत जुन्या कॅमेऱ्याबरोबर आलेली डिस्क, आरशासारखी लखलखीत.

"अहो, हे काय 'काही करणं' आहे का? जुना कॅमेरा घेतला तेव्हा दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, अडचण आली तर ही डिस्क घाला आणि 'होय, होय' करत जा. मी म्हटलं, अडचण यायची वाट कशाला बघा? दर मंगळवारी सकाळी घालते. आज तर उद्याचा तास म्हणून दोनदा घातली!"

"दोनदा!" मी म्हटलं.

"मग! हे मशीन बघा माझं. रोज सकाळी तेलाचे दोन थेंब. तीस वर्षांत एकदा कुरकुरलं नाही. आता कॉम्प्युटरला तेल घालता येतं का? त्याला हेच तेल, मला वाटलं."

काकूंचा चेहरा हळूहळू उतरत गेला. महिनाभर लेकीचा कॉम्प्युटर कुणी बंद पाडला, ते त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे मीच..." एवढंच त्या म्हणाल्या.

आत्यांनी वही मांडीवर घेतली. "चूक माझी. मी तुम्हाला विचारलं, काय बदललं. जे तुम्ही दर मंगळवारी न चुकता करता, ते बदल म्हणून कशाला सांगाल? मी प्रश्नच अर्धा विचारला." मग त्यांनी पट्टी मागितली, टेलरकाकूंकडची, लाकडी, आणि तिसऱ्या रकान्याच्या उजवीकडे एक उभी रेघ ओढली. वर लिहिलं, 'नेहमी काय करता?' लाल रेघेखाली लिहिलं, 'पुन्हा उघडली.' अक्षर जराही हललं नाही.

शनिवारचं सगळं पुन्हा केलं. या खेपेला वीस मिनिटांत झालं. जाताना डिस्क पिशवीत टाकली. काकूंनी पाकीट तरी राहू द्या म्हणून मागून घेतलं.

"उद्या सकाळी याला काहीच करायचं नाही?" काकूंनी विचारलं. त्यांचे हात आत्ताच रिकामे वाटायला लागले असावेत.

"कॅमेऱ्याची काच पुसा. मऊ, कोरडं कापड. ते तुमच्याइतकं चांगलं कुणाकडे असणार? पण एकदाच हं!"

बुधवारी अकराला पाच कमी असताना ठमी आतल्या खोलीत बसली. दार लावून घेतलं. आम्ही तिघी बाहेर, मशीनशेजारच्या बाकावर. त्या दाराला वरच्या भागात खरखरीत काच आहे, पलीकडचं नुसतं हलणं दिसतं.

चार मिनिटं झाली. सहा झाली. आतून चकार शब्द नाही.

काकूंनी माझा हात धरला. "बंद पडलं वाटतं. काहीच आवाज नाही."

"आवाज कसा येईल?" मी म्हटलं, पण माझाही जीव टांगणीलाच होता.

आत्या एकतीस वर्षं कानांवर जगलेल्या. लाईन चालू आहे की मेली, हे त्या आवाजावरून ओळखायच्या. श्वासावरूनसुद्धा, असं त्या सांगतात. त्या दिवशी त्यांनी कानामागचे केस सारखे केले, मान वळवली आणि काचेकडे पाहिलं. काचेवर दोन पुसट हात वर जात होते, गोल फिरत होते, थांबत होते, परत कुणाचं तरी पाहून हलत होते.

"लाईन चालू आहे," आत्या म्हणाल्या. "पलीकडून उत्तरं येताहेत. ती थांबतेय बघा, ऐकायला."

काकूंनी हात सोडला आणि पदर तोंडाला लावला.

वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. तास वीसच मिनिटांचा होता, पण पलीकडची मुलं सोडेनात, हे नंतर कळलं. दार उघडलं तेव्हा ठमीच्या गालाला पेन्सिलचं काळं लागलेलं होतं. तिने आईकडे पाहून भराभर काहीतरी सांगितलं, इतक्या वेगाने की मला एक अक्षर कळलं नाही.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

काकू पदराने डोळे पुसत राहिल्या. तेव्हा ठमी आमच्याकडे वळली. आधी दोन्ही हातांनी पुस्तक उघडल्यासारखं केलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जाऊन पुढच्या सोमवारवर बोट ठेवलं.

"सोमवारपासून!" आत्या म्हणाल्या आणि पिशवीतून लाल पेन काढलं. टोपण उघडलं, क्षणभर थांबल्या आणि परत लावून टाकलं.

"का हो? मिटली ना?" मी विचारलं.

"मंगळवार जाऊ दे एक," आत्या म्हणाल्या. टेलरकाकू हसल्या, पहिल्यांदाच, आणि सवयीने मशीनच्या चाकावर हात ठेवून तेलाची कुपी शोधू लागल्या.