शमीमबाईंचा काळा टाका

शमीमबाई कुणाच्या घरी पेशंट बघायला गेल्या की पेशंटकडे नंतर बघायच्या. आधी चुलीपाशी, दाराशी, खुंटीवर जिथे कुठे चुंबळी ठेवलेल्या असतील त्या शोधायच्या आणि एकेक हातात घेऊन दाबून पाहायच्या. "ही कुणाची?" हा त्यांचा पहिला प्रश्न. हंड्याखाली डोक्यावर ठेवायची चिंध्यांची चुंबळ घरातल्या प्रत्येक बाईची वेगळी असते. ऑपरेशन झालेल्या बाईची चुंबळ ओली लागली, की पट्टी सोडायच्याही आधी शमीमबाई सगळ्या घराला फैलावर घेत. उंची पाच फुटांच्या आत, अंगाने काटकुळी, पण त्यांचा आवाज चढला की घरातले बाप्ये गुपचूप अंगणात जाऊन उभे राहत.

त्या जव्हारच्या. वडील शिंपी, भाऊही शिंपी. शिवणयंत्राच्या खडखडाटात वाढलेली ही मुलगी त्या काळी घरच्यांशी भांडून नर्सिंग शिकली आणि गावातल्याच दवाखान्यात लागली. माझी त्यांची भेट झाली ती सत्तरच्या दशकात, मी खाटेवर आणि त्या खाटेशेजारी उभ्या अशी. आम्ही नवराबायको तेव्हा सूर्यमाळच्या शाळेत शिक्षक होतो. होळीच्या आधी माझ्या पोटात कळ उठली, जीपमध्ये घालून मला जव्हारला आणलं आणि अपेंडिक्स काढलं. शेजारच्या खाटेवर आमच्याच सूर्यमाळची बुधी होती. तिचं पोट फाडून मूल काढलेलं. मुलगी झाली होती, मुठीएवढी.

दवाखान्यात नवे डॉक्टर आले होते. मोठा भला माणूस. लांबच्या पाड्यांवरच्या बायकांना टाके काढायला परत डोंगर उतरावा लागू नये म्हणून ते आतबाहेर सगळीकडे विरघळणारा दोरा वापरत. मला त्यांचं फार कौतुक वाटलं. मी पाचवीला विज्ञान शिकवत होते ना! बुधीला मी ऐटीत समजावून सांगितलं की हे टाके आपले आपण नाहीसे होतात, कुणाला काही करावं लागत नाही. शमीमबाई पलीकडे थर्मामीटर झटकत होत्या. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची शाळा तिकडे वर. इथं माझी शाळा आहे. जरा गप पडून राहा."

त्यांच्या शाळेतले धडे मला अजून पाठ आहेत. पट्टी ओली करायची नाही. हळद नाही, राख नाही, पाला नाही. दोऱ्याचा शेंडा बाहेर दिसला तरी ओढायचा नाही, वेळ झाली की तो गळून पडतो. खोकला आला तर पोटाशी उशी धरायची. "आणि वरचं भरलं म्हणून आतलं भरलं, असं समजायचं नाही. वरचं दिसतं, म्हणून माणूस फसतो," हे वाक्य दिवसातून दहा वेळा. जखमेला हात लावू पाहणाऱ्या बायकांना म्हणायच्या, "डॉक्टरांनी शिवलंय ते शिवलंय. तू काय माझ्या भावाकडे कापड टाकलंयस, मापाला बरोबर आहे का बघायला?"

घरी सोडायच्या दिवशी त्यांनी माझ्या आणि बुधीच्या पोटावर, व्रणाच्या टोकाला, चिकटपट्टीचा एक तुकडा लावला. त्यातून काळ्या दोऱ्याची दोन टोकं बाहेर डोकावत होती. "आतले टाके विरघळतील. हा एक काळा तेवढा विरघळणार नाही. तो मी येऊन काढणार. तोवर हंडा नाही, मोळी नाही, वाकून काम नाही. वजन उचललंत तर हा आत ओढला जाईल आणि मग मला सांगायचं नाही." बुधीचं तोंड एवढंसं झालं. माझंही.

सूर्यमाळला होळीनंतर पाण्याचे काय हाल होतात ते तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. खालच्या दरीतल्या झऱ्यावरून हंडा आणायचा तर जाऊन येऊन सकाळ संपते. आमच्याकडे पाणी यजमान, म्हणजे शाळेचे हेडमास्तर, आणू लागले. हेडमास्तर खांद्यावर हंडा घेऊन निघाले की पाड्यावरच्या पोरी पदर तोंडाला लावून हसत. मी मात्र काळ्या टाक्याच्या धाकाने अंथरुणावरून उठतानासुद्धा कुशीवर वळून उठत होते.

पंधरा दिवसांनी सुटीच्या दिवशी शमीमबाई आल्या. मोखाड्याच्या एसटीने जमेल तिथवर आणि पुढची चढण पायी. आधी माझी चुंबळ दाबून पाहिली, मग मला आडवं केलं. कात्रीचा कट् आवाज आला, आणि टाका निघालासुद्धा. मला काहीच जाणवलं नाही. मी मान उचलून पाहिलं. दोरा चिकटपट्टीला गाठ मारून अडकवलेला होता. त्याचा माझ्या कातडीशी काही संबंध नव्हता.

मला राग आला. मी शिकलेली बाई, मलाही यांनी खोटं सांगावं! तसं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्या कात्री पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "वांगणीची एक बाई होती. टाके काढायला परत यायचं असायचं ना, तेव्हा बायका त्या दिवसापर्यंत तरी पडून राहायच्या. घरचे राहू द्यायचे. हा नवा दोरा आला आणि लोक म्हणायला लागले, टाके काढायचेच नाहीत म्हणजे काही झालेलंच नाही. ती आठव्या दिवशी रानातून मोळी घेऊन आली. तिला डोलीत घालून परत दवाखान्यात आणली तेव्हा आतलं सगळं उसवलेलं होतं. वाचली, पण पुन्हा कधी ताठ उभी राहिली नाही." आणि कात्री पिशवीत टाकत, "डॉक्टरांचा दोरा चांगलाच आहे हो. पण जो दिसत नाही त्याला घरात मान कोण देतो? म्हणून भावाच्या दुकानातला काळा दोरा आणते. उकळून घेते."

त्या बुधीकडे गेल्या. पहिलीच हातात घेतलेली चुंबळ तिची निघाली, आणि ती कोरडी होती. बुधीला त्यांनी जुन्या पट्टीवरूनच आणखी एक चिकटपट्टी लावली, दोरा तसाच ठेवला आणि, तिचं पोट फाडलेलं म्हणून, चार आठवडे आणखी वाढवून दिले.

खरी परीक्षा माझी झाली. बुधीचा नवरा ठाण्याकडे कामाला होता, तो आठवड्याभराने आला आणि थेट माझ्याकडे. "बाई, तुम्ही शाळा शिकलात. डॉक्टर सांगं, टाके आपोआप विरघळतात. आता महिना होत आला. मग हिनं पानी आणलं तर काय होईल?" घरात पाणी नाही, तान्हं मूल, आणि म्हातारी आई एकटी राबते, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या जिभेवर खरं उत्तर अगदी येऊन ठेपलं होतं. पण डोलीतली ती बाई डोळ्यांपुढे आली. मी मास्तरणीच्या आवाजात म्हटलं, "काळा टाका निघेपर्यंत हंडा उचलायचा नाही. आत ओढला गेला तर मुलीला आई राहायची नाही." तो मान खाली घालून गेला. आयुष्यात एवढं धडधडीत खोटं मी पुन्हा बोलले नाही, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

ठरल्या दिवशी, वैशाखाच्या उन्हात, शमीमबाई पुन्हा चढून आल्या आणि बुधीचा टाका काढला. बुधी धडधाकट राहिली. तिची मुलगी माझ्याच हाताखाली शिकली.

ती चौथीत असताना आमची बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी बुधीची सासू, रखमी म्हातारी, मला भेटायला आली. मान एका बाजूला कललेली, हातात नाचणीची पिशवी. शमीमबाईंचा विषय निघाला तशी ती हसली. "ती नर्सबाय लय हुशार. पन तो टाका कातड्यात नव्हताच, बाय. मला तवाच समजलं."

मी चकित झाले. "कसं?"

"सुनेला आंघोळ घालत होते. पट्टीचा कोपरा सुटला. खाली कातडं कोरं. मी भाताची पेज लावली आन् पट्टी पुन्ना चिकटवली."

"मुलाला सांगितलं नाही?"

"कशाला सांगू? माझी पोरं झाली तवा मला कोनी बसू दिलं नाय. तिला बसाया मिळालं. पानी काय, मी आनलं."

दुसऱ्या दिवशी सामान घेऊन जव्हारला मुक्काम होता. शमीमबाई तोवर निवृत्त झाल्या होत्या, गुडघे धरून चालत होत्या. मी धावतपळत ही गंमत त्यांना सांगायला गेले. पेजेचं ऐकून त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. "सहा आठवडे पाणी तिनं आणलं? एकटीनं? त्या चढणीवरून?"

"हो."

"बुधीची चुंबळ कोरडी म्हणून मी खूश होऊन परत आले. शेजारी म्हातारीची ओली असणार. ती कुणाची, हे विचारलंच नाही मी. मान कशी आहे तिची?"

मी सांगितलं, कललेली आहे. सांगताना मलाच लाज वाटली. दोन घरं सोडून राहत होते मी, रोज तिला दोन हंडे घेऊन चढताना बघत होते, आणि मलाही कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.  शमीमबाई चहासुद्धा अर्धाच प्यायल्या.

सकाळी आम्ही एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत उभे होतो. समोरून शमीमबाई आल्या, हातात पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी तेलाची बाटली. एवढे गुडघे दुखत असताना मला निरोप द्यायला आल्या! मी पुढे होऊन त्यांचे हात धरले.

त्यांनी हात सोडवून घेतले. "तुम्हांला पोचवायला नाही आले हो मी," त्या म्हणाल्या. "मोखाड्याची गाडी कुठं लागते?"