निवळणारा थेंब

सकाळी तो थेंब दुधाळ असतो. चैत्राची दुपार सांगलीवर तापू लागली, की खिडकीतल्या चिमुकल्या बाटलीत तोच थेंब एकाएकी पाण्यासारखा निवळतो आणि कॉलेजच्या रिकाम्या प्रयोगशाळेत मी एकटाच ते नवल पाहत बसतो. द्रवस्फटिक म्हणतात याला. ना धड द्रव, ना धड स्फटिक! माझ्यासारखाच म्हणा ना.

दुष्काळ सरला त्या वर्षी सदाने तो बंगळूरहून पाठवला होता. सदा वडूजचा, एम.एस्सी.चा माझा सोबती, तिथल्या संशोधनशाळेत रमलेला. पत्रात लिहायचा, ‘लय मजा हाय गड्या. चार व्होल्टनं रेणू उठून उभं ऱ्हात्यात. उद्या एकच रेणू वाकंल आन् त्येच बटण आसंल. तू ये, जागा हाय.’ केवढं अद्भुत! डोळ्यांना कधीच न दिसणारं ते रेणूंचं शिवार, आणि विजेच्या नुसत्या स्पर्शाने सारं पीक ताठ! मी मनाशी ठरवलं, असे रेणू उभे करणारी एक काचपट्टी माझ्या हातून साधली तर जायचं. आईने तर वळकटीसुद्धा बांधून ठेवली होती.

सदा भेटीला येणार त्या दिवशी मी वीज वाहणाऱ्या लेपाच्या दोन काचा मखमलीने घासल्या, अगदी एकाच दिशेने, कारण त्या घासणीच्या रेघांनीच रेणू निजतात. मध्ये थेंब सोडला, प्रकाश गाळणाऱ्या पोलरॉइडच्या दोन चकत्यांत पट्टी धरली, बॅटरीचे सेल जोडले. उजळ काच काळीभोर झाली! मी वेडा व्हायचाच बाकी होतो. पण आता बंद केलं आणि सदासमोर पुन्हा साधलं नाही तर? त्या भित्र्या शंकेपायी मी बटण चालूच ठेवलं. सेलचा एकाच दिशेचा प्रवाह याला फार वेळ सोसत नाही, असं सदाने बजावलं होतं, तेही विसरलो. एस.टी. तीन तास उशिरा आली. तोवर काचेत बुडबुडे उठले होते.

सदा खळखळून हसला. ‘आरं, माझ्या लय जळल्यात! दुसरी कर की. येतूस न्हवं?’

शरमेने मी आईचं निमित्त पुढे केलं, ती एकटी पडेल म्हणालो. सदाने पुन्हा विचारलं नाही. आईने वळकटी सोडली. आता आईही नाही.

ऊन उतरलं. थेंब पुन्हा दुधाळ होतो आहे. उद्या निवळेल, त्याला कसली आली आहे लाज! दुसरी पट्टी मी कधी केलीच नाही. सदा, खरं उत्तर ‘व्हय’ होतं रे.