जोडीला कोण असतं

माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा खाडीच्या बांधावर पाण्याचे दरवाजे सांभाळतो. भरतीला बंद करायचे, ओहोटीला उघडायचे. त्याचं स्वतःचं तोंड मात्र बारमाही बंद. फोनवर नुसतं ‘हं’ म्हणाला तरी समजायचं, स्वारी आज रंगात आहे. मी त्याला घुम्याच म्हणते. लग्नासाठी मुली दाखवून मीच दमले. एकीने विचारलं, तुम्हाला काय काय आवडतं? याने इतका विचार केला, की चहा निवला आणि मुलगीही.

पूर्वी बांधावर त्याच्या जोडीला एक म्हातारा असायचा. तो दोघांच्या वाटचं बोलायचा, त्यामुळे हिशोब जमून जायचा. मग तो निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेला, आणि ऑफिसने त्याची जागा भरलीच नाही. चौकीत आता खुर्च्या दोन, रेनकोट दोन, माणूस एक.

पाण्याच्या दरवाजांपैकी लांबचा एक खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीच्या, पलीकडे. मध्ये रस्ताबिस्ता काही नाही, नुसता मांडीपर्यंतचा काळा चिखल. इतकी वर्षं तो तुडवत गेला. या साली गुडघ्यांनी संप केला, तेव्हा ऑफिस म्हणालं, चिखलात चालणारी गाडी घेऊन टाक, कुठली ते तूच ठरव.

तर याने फोन केला मला. ज्या बाईला साधी सायकल येत नाही, तिला. म्हणाला, मावशी, येतेस का? मी म्हटलं, अरे, मी येऊन काय चाकं दाबून बघू? तर म्हणाला, नुसती ये.

नुसती गेले.

दुकान एका बाईचं. गुडघ्यापर्यंत बूट, बुटावर वाळलेला चिखल, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकालाही भाव कळावा. मला ती लगेच आवडली. चार फुगीर चाकांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. एटीव्ही म्हणतात म्हणे. मला त्या डबक्यात बसायला निघालेल्या म्हशी वाटल्या. बाईने चाकांच्या खोल खाचा दाखवल्या, इंजिनाला हवा वरून मिळावी म्हणून उंच नेलेली नळी दाखवली. घुम्या माना डोलावत होता. मग तिने सहज विचारलं, “चिखलात जोडीला कोण असतं?”

घुम्या म्हणाला, “असतो एक जण.”

मी त्याच्याकडे बघितलं. तो चाकाकडे बघत होता. माझी जीभ अशा वेळी गप्प बसत नाही, हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. पण त्या दिवशी बसली. त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाई खूश. दोघं असाल तर ही मोठी घ्या म्हणाली. ताकद भरपूर, आणि रुतलीच तर दुसरा दोर लावून ओढेल. दुकानामागे तिने मुद्दाम चिखलाचा खड्डा करून ठेवला होता. घुम्या त्या धुडावर बसून आत शिरला. अर्धा खड्डा ऐटीत गेला, मग चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि म्हैस पोटापर्यंत बसली. खाली उतरून त्याने ढकललं, उचलून बघितलं. ढिम्म.

बाई काठावर दोर घेऊन उभी. चेष्टेत म्हणाली, “आता मारा तुमच्या जोडीदाराला हाक.”

घुम्याने इंजिन बंद केलं. हँडलवरचा चिखल अंगठ्याने पुसत राहिला.

“जोडीला कोणी नसतं,” तो म्हणाला. “होता. आता नाही.”

बाईने उगाच च्-च् केलं नाही, हे तिचं मोठेपण. दोर फेकला आणि वैतागून म्हणाली, “मग आधी नाही का सांगायचं? एकट्या माणसाची गाडी वेगळी असते.”

ती होती कोपऱ्यातली, सगळ्यात हलकी. ताकद कमी, रूप त्याहून कमी. तीही खड्ड्यात रुतली. पण हा उतरला, मागची बाजू दोन्ही हातांनी उचलली, वीतभर बाजूला ठेवली, परत बसला आणि बाहेर आला. कोणाला हाक न मारता. चेहऱ्यावर चिखल होता, त्यामुळे हसला की नाही ते सांगता येत नाही. मी मात्र विचारून घेतलं, यात मी बसायचं कुठे? सीट एकच होती.

तीच गाडी ठरली. निघताना बाईने बजावलं, एकटं जायचं तर शिरताना कोणाला तरी कळवायचं, बाहेर आलं की परत कळवायचं. कोणाला कळवणार? घुम्या इकडे तिकडे बघत बघत शेवटी माझ्यावर येऊन थांबला.

तेव्हापासून ओहोटी लागली की फोन येतो. “जातोय.” मी भाजी निवडायला घेते, आणि निवडलेलीच परत निवडत बसते. मग कधीतरी, “आलो.” खट्. मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद.

काल ‘आलो’ म्हणाला आणि ठेवलाच नाही. पलीकडे नुसता वारा. मी विचारलं, काय रे, दुखलंखुपलं का? तर नाही म्हणाला. ठेवू का? तरी ठेवेना. मग मीच शेजारणीच्या जावयाचं सुरू केलं, तो कसा रुसून स्टेशनवर जाऊन बसला आणि न्यायला कोणीच गेलं नाही. श्वास घ्यायला थांबले, तर तिकडून आवाज आला,

“मग?”